देहातली गाठ आणि कर्माचा हिशेब

धरमतरच्या खाडीच्या दोन्ही तीरांवर, मग ती पेणच्या खारेपाटातील गावे असोत की अंबा नदीच्या काठाकाठाने नागोठण्यावरून रोह्याकडे वळणाऱ्या वाटेवरील वाड्या-पाडे असोत, एखाद्या तान्ह्या मुलाच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, की त्या गाठीची चौकशी होण्यापूर्वी मुलाच्या आईची चौकशी सुरू होते. ग्रहण लागले असता तिने विळीवर भाजी चिरली होती काय, पोटुशी असता तिन्हीसांजेला ती बांधावरून एकटी आली होती काय, कुलस्वामिनीची ओटी कोणत्या वर्षी भरावयाची राहिली, आणि यांतले काहीच आढळले नाही तर अखेर गेल्या जन्मी कोणाचे काय केले होते, अशी ती तपासणी एकेक पायरी खाली उतरत जाते. आणि ज्या स्त्रीने नऊ महिने तो जीव पोटात वाढविला ती, ज्यात फिर्यादी नाही आणि पुरावाही नाही अशा एका खटल्यातील आरोपी म्हणून उंबऱ्याशी उभी राहते.

हा सारा प्रकार अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. दुःख आले असता त्याचे कारण शोधणे हा मनुष्याच्या बुद्धीचा धर्म आहे, आणि त्या कारणाची साखळी नीतीच्या नियमापर्यंत नेऊन भिडविणे ही त्याच्या श्रद्धेची भूक आहे. विश्वाचा कारभार अंदाधुंदीचा नसून त्याच्या मुळाशी काही न्याय आहे, एवढे मानल्यावाचून पुष्कळांना एक दिवसही धीराने काढता येत नाही. कर्मविपाकाच्या सिद्धांताने या भुकेला आपल्या देशात हजारो वर्षे अन्न पुरविले आहे. परंतु ज्या वस्तूवरून हा जन्मजन्मांतरीचा हिशेब मांडावयाचा ती वस्तू तरी आधी नीट पाहावी, हे कोणत्याही न्यायाचे पहिले कलम असते, आणि तेच येथे पाळले जात नाही. डॉक्टर जिला डर्मॉइड सिस्ट म्हणतात ती ही गाठ नीट पाहिली, तर पाप-पुण्याविषयीच नव्हे, देह आणि देही यांच्या संबंधाविषयीही ती जे सांगते ते कित्येक भाष्यग्रंथांतून हाती लागत नाही, असे माझे मत आहे.

गर्भ चार ते आठ आठवड्यांचा असतो तेव्हा त्याचा चेहरा घडत असतो. निरनिराळ्या बाजूंनी वाढत आलेले उंचवटे परस्परांजवळ येतात, मिळतात आणि सांधले जातात. हे सांधणे चालू असता बाह्य त्वचेचा एखादा कण सांध्याच्या आत राहून गेला, तर तो नष्ट होत नाही; त्वचेचा जो स्वभाव तो आतल्या अंधारातही पाळीत राहतो. बाहेरची त्वचा जुन्या पेशी झाडून टाकते, ही आत अडकलेली त्वचाही टाकते. बाहेरच्या त्वचेला केस येतात, तिलाही येतात. तिच्यातील ग्रंथी घाम आणि स्निग्ध द्रव्य स्रवतात. फरक इतकाच की बाहेरच्या त्वचेने टाकलेले धुतले जाते, आणि आतल्या त्वचेने टाकलेल्याला जाण्यास वाट नसल्यामुळे ते तिथल्या तिथे साठून त्याभोवती पिशवी बनते. शल्यविशारद ती पिशवी उघडून दाखवितो तेव्हा तिच्यात पिवळट, चिकट, घट्ट लगदा असतो आणि त्यात बारीक केस गुंतलेले असतात. भुवईचे बाहेरचे टोक ही या गाठीची सर्वांत आवडती जागा. तिथे ती कातडीला चिकटलेली नसते, खालच्या हाडाच्या सांध्याशी मात्र बहुधा बिलगून असते. त्याखेरीज नाकाचा मधला कणा, जिभेखालचा भाग, मानेची मध्यरेषा, टाळू आणि पाठीचा कणा, म्हणजे देहाचे दोन भाग जिथे जिथे मिळाले तिथे तिथे ती आढळते.

नाकाच्या मध्यावर बारीकसे छिद्र असून त्यातून एखादा केस डोकावत असेल, तर त्या लहानशा खुणेकडे अत्यंत गांभीर्याने पाहिले पाहिजे. कारण तिथून निघालेला मार्ग कधी कधी कवटीच्या आत मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेला असतो, आणि सीटी किंवा एमआरआय तपासणी केल्यावाचून त्याला हात लावणे म्हणजे मेंदूज्वराला वाट करून देणे होय. पाठीच्या कण्यावरच्या गाठीचीही गोष्ट तीच. भुवईची गाठ इतकी भयंकर नाही. मूल थोडे मोठे झाल्यावर, पूर्ण भूल देऊन, भुवईच्या केसांत किंवा वरच्या पापणीच्या घडीत लपेल असा छेद घेऊन ती काढतात, आणि बहुधा त्याच दिवशी मूल घरी येते. मात्र ती पिशवी न फोडता सगळीच्या सगळी काढावी लागते; सुईने टोचून आतले द्रव्य काढले, किंवा पिशवीची भिंत मागे राहिली, तर तिथे दाह होतो आणि गाठ पुन्हा भरते. अर्बुदांची चिकित्सा सांगताना सुश्रुताने नेमका हाच इशारा देऊन ठेवला आहे, की शेष राहू देणाऱ्याच्या हातून ते पुन्हा उद्भवते. साधन आणि औषध यांत युगांचे अंतर पडले, तरी शस्त्र हातात धरणाऱ्याचा विवेक दोन्ही काळी एकच आहे, हे पाहून मन भरून येते.

येथवरची गोष्ट सोपी आहे. अंडाशयातील डर्मॉइडची गोष्ट अशी सोपी नाही, आणि खरा तात्त्विक प्रश्न तीच उभा करते.

स्त्रीच्या अंडाशयात होणाऱ्या गाठींपैकी दहा ते वीस टक्के या जातीच्या असतात, आणि त्या बहुधा ऐन तारुण्यात सापडतात. त्या उघडल्या असता स्निग्ध द्रव्य आणि केस तर असतातच, पण त्याबरोबर कित्येकदा दात असतात, हाडाचा तुकडा असतो, कूर्चा असते, कधी कंठातील थायरॉइड ग्रंथीचा अंश असतो आणि कधी मेंदूची पेशीजालेही असतात. पिशवीच्या आतल्या भिंतीला एका जागी एक उंचवटा असतो. केस तेथूनच उगवतात, दातही बहुधा तेथेच रुतलेले असतात, आणि क्ष-किरणांच्या चित्रात त्या दाताची पांढरी आकृती तरुण मुलीच्या ओटीपोटात स्पष्ट उमटते. अविवाहित मुलीच्या पोटातून केस आणि दात निघाले, हे ऐकून शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या नातलगांच्या मनात कोणती शंका उभी राहते, ते सांगावयास नको. त्या शंकेने आपल्या आणि परक्या समाजात किती मुलींची अब्रू घेतली असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

मॅथ्यू बेली नावाच्या वैद्याने लंडनमध्ये १७८९ साली या शंकेला प्रथम शास्त्रीय उत्तर दिले. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीच्या मृतदेहात अंडाशयाच्या ठिकाणी केस आणि दात असलेली गाठ त्याला आढळली. त्या मुलीचा गर्भाशय बालवयातलाच होता आणि कौमार्य अभंग होते. तेव्हा केस आणि दात उत्पन्न होण्यास पुरुषसंबंध आवश्यक नाही, असा निष्कर्ष त्याने रॉयल सोसायटीपुढे मांडला. पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९७५ साली, अमेरिकेतील संशोधकांनी गुणसूत्रांच्या अभ्यासावरून दाखविले, की या गाठी त्या स्त्रीच्या स्वतःच्याच एका बीजपेशीतून, विभाजनाची पहिली पायरी झाल्यानंतर, कोणत्याही बाह्य बीजाचा स्पर्श न होता वाढलेल्या असतात. एकट्या स्त्रीबीजाने, कोणाची वाट न पाहता, देह घडविण्याची क्रिया आरंभिली. तिला आराखडा मिळाला नाही, म्हणून केस, दात, कातडी, मज्जा हे सारे निर्माण झाले, पण ते कोणत्याच क्रमात बसले नाही.

आपल्या प्राचीन वैद्यकाशी हे ताडून पाहावे, असे मला फार दिवस वाटत होते. सुश्रुताच्या शारीरस्थानात गर्भाच्या अवयवांची पित्याकडून आलेले आणि मातेकडून आलेले अशी वाटणी आहे: केस, लोम, नखे, दात, अस्थी, स्नायू हे जे जे कठीण आणि स्थिर ते पित्याचे, मांस, रक्त, मेद, हृदय, यकृत, आतडी हे जे जे मृदू ते मातेचे. त्याच स्थानात असेही सांगितले आहे, की पुरुषसंबंधावाचून, स्वप्नातील अनुभवाने, ऋतुस्नात स्त्रीच्या कुक्षीत वायू आर्तवापासून गर्भासारखे काही निर्माण करतो. ते महिन्यामहिन्याला वाढते, गर्भिणीची लक्षणे दाखविते, पण पैतृक गुणांनी वर्जित असा केवळ कललाचा गोळाच जन्मास येतो. हे वाचून मी थक्क झालो. स्त्रीच्या उदरात तिच्या एकटीपासून वाढणारा गोळा त्या वैद्यांनी पाहिलेला किंवा ऐकलेला असला पाहिजे, आणि तिच्यावर व्यभिचाराचा आरोप न ठेवता त्याची उपपत्ती लावण्याचा त्यांनी प्रयत्न केला, ही गोष्ट आजही आपल्याला शिकण्यासारखी आहे. पण त्याच वेळी हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे, की अवयवांची ती वाटणी चुकीची होती. बापाचे म्हणून जे केस, दात आणि हाडे शास्त्राने नोंदविली होती, नेमकी तीच एकट्या स्त्रीबीजापासून उगवतात, याचा साक्षात पुरावा ही गाठ आहे.

म्हणून शास्त्र सर्वस्वी खोटे ठरले असे मात्र नाही. १९८४ साली उंदरांच्या बीजांवर जे प्रयोग झाले त्यांतून कळले, की मातेकडून आलेल्या आणि पित्याकडून आलेल्या जनुकांवर वेगवेगळ्या खुणा असतात आणि एकाची उणीव दुसरा भरून काढू शकत नाही. दोन्ही वाटे मातेचेच असले तर गर्भाचा देह काही मर्यादेपर्यंत घडतो, पण त्याला पोसणारी वार नीट होत नाही; दोन्ही वाटे पित्याचेच असले तर वारेसारखा भाग माजतो आणि गर्भ होत नाही. मनुष्यातील द्राक्षगर्भ हा या दुसऱ्या प्रकारचा, आणि अंडाशयातील डर्मॉइड हा पहिल्याचा. म्हणजे चरकाने गर्भाला अनेक भावांचा समुदाय म्हटले, माता, पिता, आत्मा, सात्म्य आणि रस यांतील एकट्यादुकट्याने तो होत नाही असे बजावले, ते मूळ सूत्र अबाधित राहिले. तपशिलाची जमाबंदी तेवढी नव्याने करावी लागली. याच जिल्ह्यात अलिबागेस काही काळ राहिलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेताना आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय प्रबंधासाठी निवडला होता. जुने ग्रंथ वैद्याच्या दृष्टीने उघडण्याची ही वहिवाट एका मराठी मुलीने सुरू केली, आणि ती चालविण्यास नंतरच्या पिढ्यांत फारच थोडे पुढे आले, याची खंत वाटते.

आता कर्माकडे वळू. शातातपस्मृतीसारख्या ग्रंथांत अमुक पातकाचा अमुक रोग आणि त्याचे अमुक प्रायश्चित्त अशा याद्याच आहेत, आणि खेडोपाडी जे बोलले जाते ते त्या याद्यांचेच झिरपलेले रूप आहे. लोकमान्यांनी गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या दोहोंचा विचार एकाच प्रकरणात केला, तो उगाच नव्हे. भोगावाचून कर्माची सुटका नाही एवढेच सांगून जो थांबतो, तो मनुष्याला पुढे पाऊल टाकण्याचे बळ देत नाही. परंतु आपण क्षणभर तो सिद्धांत जसाच्या तसा मान्य करू आणि त्याच्याच न्यायासनापुढे या आईचा खटला चालवू. ज्याचे कर्म त्यालाच फळ, हा त्या सिद्धांताचा कणा आहे. केलेले वाया जाणे आणि न केलेले भोगावे लागणे, कृतनाश आणि अकृताभ्यागम, हे दोन दोष टळावेत म्हणून तर दार्शनिकांनी पुनर्जन्म मानला. मग आईने ग्रहणात भाजी चिरली आणि त्याचे फळ मुलाच्या भुवईवर उमटले, हे कोणत्या न्यायाने? हा तर उघड अकृताभ्यागम झाला. जो माणूस कर्मसिद्धांतावर खरोखर निष्ठा ठेवतो, त्याला आईला दोष देता येत नाही. आणि जो आईला दोष देतो, तो कर्मसिद्धांत मानीत नसून एका सोयीच्या दुबळ्या माणसावर हात टाकीत असतो.

उरला त्या बालकाचा स्वतःचा पूर्वजन्म. त्याविषयी इतकेच म्हणता येईल, की जे कोणाला आठवत नाही आणि कोणाला तपासता येत नाही, ते एखाद्याच्या चिंतनाचा विषय होऊ शकेल. दुसऱ्यावर ठेवण्याचा आरोप होऊ शकत नाही. सिवक नावाच्या परिव्राजकाने मनुष्याला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्मामुळेच काय, असे विचारले असता गौतम बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतूंचा पालट, अपघात अशी वेगवेगळी कारणे मोजून दाखविली आणि कर्माला त्या यादीत केवळ एक जागा दिली. आणि हा प्रश्न केवळ हिंदूंचा किंवा बौद्धांचा आहे असेही नाही. पेण, रोहे, अष्टमी आणि अलिबाग या टापूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर अशी आडनावे लावणाऱ्या बेने इस्रायलांच्या धर्मग्रंथात ईयोबाची कथा आहे: सर्वस्व गेलेल्या आणि अंगभर फोड आलेल्या त्या सत्पुरुषाजवळ त्याचे मित्र येऊन बसतात आणि तू काही तरी पाप केलेच असले पाहिजेस, असे नाना परींनी त्याला पटवू पाहतात. कथेच्या शेवटी ईश्वराचा कोप होतो तो ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर. ही कथा खाडीच्या काठी सांगितली जात होती आणि शेजारच्या घरात सून उंबऱ्याशी उभी होती. दोन्ही घरांमध्ये एक कुंपण होते, एवढेच.

विनोबांचा जन्म १८९५ साली याच पेण तालुक्यातील गागोदे गावी झाला, आणि १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली ती साने गुरुजींनी लिहून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र, म्हणजे शेत, म्हटले आहे आणि त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. खारेपाटातील माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. समुद्र अडवून, बांध घालून केलेले त्याचे शेत असते. पूर्वी शिलोत्री वहिवाटीत बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराकडे असे आणि त्याबद्दल त्याला धान्याचा वाटा मिळे. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडून खारे पाणी आत शिरले आणि भात गेले, तर त्या शेतकऱ्याने कोणते पाप केले होते याची चर्चा करीत कोणी बांधावर बसत नाही; खांड कोठे पडली ते पाहून, पुढची भरती येण्यापूर्वी, सारा गाव ती बुजवायला धावतो. देहाच्या शेतात गर्भावस्थेतील एका सांध्याला अशीच खांड राहिली आणि तिथे न पेरलेले काही उगवले, तर क्षेत्रज्ञाची शहानिशा कशाला? न पेरलेले उगवणे हा क्षेत्राचा धर्म आहे. केस, दात, हाड, इतकेच काय मेंदूच्या पेशीसुद्धा, जिथे कोणी 'मी' म्हणणारा नाही अशा बंद पिशवीत प्रकृती आपल्या आपण घडवीत बसते, हे पाहिल्यावर देहाची घडण ही प्रकृतीची करणी आहे आणि तिच्यात पाहणारा लिप्त नाही, या वचनाचा अर्थ मला जसा उमगला तसा तो टीकांवरून उमगला नव्हता.

यावर कोणी विचारील, की मेंदूच्या पेशी जिथे आहेत तिथे काही जाणीव नसेल कशावरून? डोळ्यांशी, कानांशी, हृदयाशी ज्याचा संबंध नाही, ज्यात काही येत नाही आणि ज्यातून काही जात नाही, अशा पेशींच्या पुंजक्याला अनुभव असतो असे मानण्यास मला आधार दिसत नाही. परंतु त्या पुंजक्याचा दुसऱ्याच बाजूने जो उपद्रव होतो, तो मात्र विलक्षण आहे. २००७ साली जोसेप दाल्माउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की काही तरुण स्त्रियांच्या अंडाशयातील या गाठीमधल्या मज्जापेशींना शरीराची संरक्षक व्यवस्था परकी समजते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि तीच प्रतिपिंडे त्या स्त्रीच्या खऱ्या मेंदूवर जाऊन आदळतात. चार दिवसांपूर्वी नीट बोलत-चालत असलेली मुलगी एकाएकी भलतेच बडबडू लागते, नसलेले दिसते म्हणते, झोप उडते, तोंड वेडेवाकडे हलते, झटके येतात आणि शेवटी ती गप्प पडते. आमच्याकडे याला अंगात आले म्हणतील, बाहेरची बाधा म्हणतील, भगताला बोलावतील, अंगारा लावतील, आणि उतरत नाही म्हणून तिला मारहाणही करतील. आणि त्या वेळी तिला हवे असते ते काय? मेंदूच्या विकारांच्या डॉक्टरकडून तपासणी, पोटाची सोनोग्राफी, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे, आणि गाठ असल्यास ती तातडीने काढून टाकणे. असे वेळेवर घडले तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात, जरी त्याला महिने लागतात. ज्या भुताला हुसकावयाचे ते ओटीपोटात लिंबाएवढ्या पिशवीत बसलेले असू शकते, ही गोष्ट प्रत्येक देवस्थानाच्या पुजाऱ्याला, प्रत्येक आशाताईला आणि प्रत्येक शाळामास्तरला ठाऊक असली पाहिजे, असे मी अगदी कळकळीने म्हणतो.

हा प्रकार सुदैवाने विरळा आहे. अंडाशयातील बहुतेक डर्मॉइड काहीच त्रास देत नाहीत. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत त्या अकल्पितपणे दिसतात, वर्षाला जेमतेम दोन मिलिमीटर वाढतात, आणि पाच सेंटिमीटरहून लहान असतील तर कित्येकदा नुसती नजर ठेवून चालते. मोठ्या झाल्या, दुखू लागल्या, तर त्या काढाव्या. त्यांचा मुख्य धोका म्हणजे पीळ बसणे: गाठीच्या भाराने अंडाशय स्वतःभोवती फिरतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि एकाएकी ओटीपोटात एका बाजूला असह्य कळ येऊन उलट्या होऊ लागतात. ही कळ पोटात वायू धरल्याची समजून ओवा आणि हिंग देत रात्र काढली, तर सकाळपर्यंत अंडाशय गमावण्याची वेळ येते. क्वचित गाठ फुटून आतले द्रव्य पोटात पसरते आणि दाह होतो. कर्करोगाचे प्रमाण शेकडा एक-दोनच, आणि तेही बहुधा उतारवयातील स्त्रियांत. आता ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीने, पोटावर दोन-तीन बारीक छेद घेऊन होते. गाठ सोलून काढतात आणि अंडाशय राखतात. पिशवीत घालून ती बाहेर आणतात, आणि काही सांडलेच तर कोमट सलाइनने पोट धुऊन काढतात. मूल होण्याची आशा त्यामुळे संपत नाही, हे वाक्य मुलीच्या आईला डॉक्टरांनी स्वतःहून सांगावे. ती विचारणार नाही, पण तिच्या मनात दुसरे काहीच नसते.

औषधोपचार म्हणजे दैवाशी भांडण असे मानून हात जोडून बसणाऱ्यांसाठी चरकाच्या विमानस्थानातील एक युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. चरक पूर्वकर्माला रोगाच्या कारणांत स्थान देतो, हे लपविण्याचे कारण नाही. पण आयुष्य सर्वस्वी नियतच असते तर मंत्र, औषधी, पथ्य यांची खटपट कोणी केलीच नसती, चवताळलेल्या जनावराच्या वाटेतून कोणी बाजूलाही झाले नसते, असे तोच म्हणतो, आणि दैव व पुरुषकार यांत जे बलवान ते दुसऱ्याला हटविते असा निर्णय देतो. धरमतरला पूल नव्हता तेव्हा अलिबागेचा उतारू तरीने खाडी ओलांडी आणि मुंबईची बोट या बंदराला लागे. दुखणाईत माणसाला त्या बोटीत निजवून जे. जे. किंवा के. ई. एम. रुग्णालयात नेणारे लोक दैवाशी भांडत नव्हते, पुरुषकार करीत होते. आज पेणचे उपजिल्हा रुग्णालय आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय हाताशी आहे, आणि मुंबईचा रस्ता काही तासांचा आहे. अंतर उरले असेल तर ते घरातल्या घरात, ओटीपासून माजघरापर्यंतचे आहे.

एका प्रश्नाचा उलगडा करावयाचा राहिला आहे, आणि तो अनेक कुटुंबांच्या मनात असूनही तोंडावर येत नाही. काढलेल्या गाठीचे काय करावे? तिच्यात केस होते, दात होते. तिला पुरावे काय, तिचे सुतक धरावे काय, शांत करावी काय? या शंकेला थोडा आधार अशा घटनांचा मिळतो, की जिथे खरोखरीच एका गर्भाच्या देहात त्याचे जुळे भावंड अडकून राहिलेले सापडते. नागपूरकडील एका शेतकऱ्याचे पोट वर्षानुवर्षे फुगत गेले होते आणि लोक त्याची गर्भिणी म्हणून चेष्टा करीत. १९९९ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात अर्बुद समजून पोट उघडले, तेव्हा आत हातापायांचे अवयव असलेला अर्धवट घडलेला गर्भ निघाला. अशा प्रकाराला वैद्यक वेगळे नाव देते. कणा आणि अवयवांची मांडणी दिसते की नाही यावर तो भेद केला जातो, आणि त्याची सीमारेषा कोठे आखावी यावर तज्ज्ञांतही वाद आहेत. पण त्या शेतकऱ्याच्या पोटातला तो देहसुद्धा कधी जगलेला नव्हता, आणि डर्मॉइड तर गर्भही नव्हे. गर्भोपनिषद सातव्या महिन्यात गर्भाशी जीवाचा संयोग होतो असे सांगते. चरक आत्म्यावाचून गर्भ होत नाही असे सांगतो. कोणत्याही शास्त्राच्या कोणत्याही मोजमापाने या पिशवीत जीव आलेला नाही. तेव्हा सुतक नाही, शांत नाही, आणि मागे राहून त्रास देईल असे कोणी नाही. ज्या आईला तरीही मनोमन हात जोडावेसे वाटले, तिने जोडावेत. त्याला विधीची गरज नाही आणि कोणाच्या परवानगीचीही नाही.

ती गाठ खरोखर जाते ती फॉर्मालिनच्या बरणीतून विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. तेथे तिचे पातळ काप घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी एक कागद मिळतो, ज्यावर त्या पिशवीत कोणकोणत्या जातीच्या पेशी होत्या आणि त्यांत काही वावगे आहे की नाही हे लिहिलेले असते. टाके सुकले, मुलगी हिंडू-फिरू लागली, म्हणून तो कागद आणावयास कोणी गेलेच नाही, असे पुष्कळ घरांत घडते. तो अवश्य आणावा, डॉक्टरांना दाखवावा आणि जपून ठेवावा. कारण दहांतील एका स्त्रीच्या दोन्ही अंडाशयांत ही गाठ असते किंवा पुढे होते, आणि पुढच्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टर पहिल्यांदा तोच कागद मागतात.